चेहऱ्यावर व्रण असलेल्या सहकाऱ्याशी बोलताना नजर कुठे ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या टीममध्ये एक नवीन सहकारी रुजू झाल्या आहेत. त्यांचा अर्धा चेहरा आणि मान भाजल्याच्या व्रणांनी भरलेली आहे, एक कान जवळजवळ नाहीच. कामात चोख आहेत. त्यांना कोणी वावगं बोललेलं नाही, पण जेवताना त्यांच्या टेबलावर कोणी बसत नाही. मी टीम लीड आहे आणि त्यांच्याशी बोलताना मी स्वतः लॅपटॉपकडे बघत बोलतो, हे माझ्या लक्षात आलंय. अशा माणसाला मनापासून स्वीकारायचं कसं? टीमला आधी कल्पना द्यायला हवी होती का? त्यात भर म्हणजे, एका सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन ऑफिसात गेलो होतो, तर ती सहा वर्षांची पोर सगळ्यांसमोर म्हणाली, 'बाबा, हिला काय झालंय?' मी तिला ओढतच बाहेर नेलं."

भाजलेल्या रुग्णांच्या विभागात मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते. म्हणजे तुम्ही जे टेबलाच्या या बाजूने लिहिलं आहे, ते मी रोज त्या बाजूने ऐकते. तेव्हा पहिली गोष्ट: मन तयार होईल आणि मग आपोआप नीट वागता येईल, याची वाट बघत बसू नका. वागणं आजपासून बदलता येतं. मनाला जरा वेळ लागतो, आणि तोवर समोरच्या माणसाने का थांबायचं?

आधी तुमच्या त्या लॅपटॉपकडे वळणाऱ्या नजरेबद्दल. कोणाचाही चेहरा बघताना आपली नजर डोळे, नाक आणि तोंड यांच्यात फिरत असते. चेहऱ्यावर मोठा व्रण, डाग किंवा गाठ असली की ती तिकडे ओढली जाते. हे कोणी ठरवून करत नाही. शिवाय आजारापासून लांब राहण्याची एक जुनी सावधगिरी आपल्यात मुरलेली आहे, आणि ती फार शहाणी नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना वेगवेगळ्या माणसांनी हाताळलेल्या वस्तू हाताळायला लावल्या होत्या. एकाला फ्लू झाल्यासारखं दिसत होतं, एकाच्या चेहऱ्यावर जन्मखूण होती. जन्मखूण कोणाला लागत नाही हे माहीत असूनही लोक तिच्या बाबतीत फ्लूइतकेच कचरले. त्याआधी, 1982 साली ब्रिटनमध्ये रम्सी, बुल आणि गॅहागन या संशोधकांनी गर्दीच्या रस्त्यावर निरीक्षण केलं होतं. ज्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर डाग रंगवला होता तिच्यापासून लोक जास्त लांब उभे राहत होते, आणि शक्यतो डाग नसलेल्या बाजूला.

म्हणजे पहिल्या क्षणी जो धक्का बसतो, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. प्रश्न त्याच्या पुढच्या दोन-तीन सेकंदांचा असतो. तिथे माणसं दोन गोष्टी करतात: काही जण बघतच राहतात, आणि सभ्य माणसं घाईघाईने नजर काढून घेतात. तुम्ही दुसऱ्या गटातले. माझ्याकडे येणारे रुग्ण मात्र सांगतात की टक लावणाऱ्याला निदान रागाने उलट बघता तरी येतं. नजर चुकवणाऱ्याचं काय करायचं? त्याने तर काहीच केलेलं नसतं. तुमच्या जेवणाच्या टेबलाचंही तेच आहे. प्रत्येकाने आपापलं थोडंसं अंतर राखलं, कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि एक माणूस एकटा जेवतोय.

इथे एक उलटी बाजूही आहे, ती तुम्हाला ठाऊक असलेली बरी. 1980 साली क्लेक आणि स्ट्रेंटा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांच्या चेहऱ्यावर मेकअपने खोटा व्रण काढला, तो आरशात दाखवला, आणि मग 'जरा पक्का करतो' असं सांगून त्यांच्या नकळत पुसून टाकला. ही माणसं स्वच्छ चेहऱ्याने अनोळखी व्यक्तीशी बोलून आली, आणि तरीही सांगू लागली की समोरची व्यक्ती अवघडली होती, रोखून बघत होती. लोक हा प्रयोग फार आवडीने सांगतात आणि त्यातून 'म्हणजे सगळे त्यांच्या मनाचे खेळ' असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. रस्त्यावरचं ते वाढलेलं अंतर मोजून काढलेलं आहे, ते कोणाच्या मनातलं नाही. पण ज्याला वर्षानुवर्षं असं अंतर मिळालं, तो तुमच्या साध्या जांभईतही ते शोधणार, एवढं या प्रयोगातून नक्की घ्या. म्हणून तुमचं वागणं संदिग्ध नको. घड्याळाकडे बघायचं असेल तर 'मला चारला निघायचंय' असं बोलून टाका.

आता प्रत्यक्षात काय करायचं. बोलताना डोळ्यांत बघा. ते जड जात असेल तर दोन भुवयांच्या मधे बघा, समोरच्याला फरक कळत नाही. मधेच नजर व्रणाकडे गेली तर जाऊ द्या आणि परत आणा. चोरून बघितल्यासारखी झटकन काढून घेऊ नका. काही दिवसांच्या नेहमीच्या कामकाजात नजर सरावते. चेहरा तोच असतो, पण त्यातली बातमी संपलेली असते.

चेहरा वाचण्याची मात्र थोडी नव्याने सवय करावी लागेल. भाजल्यानंतर कातडी आखडते. गालाची आखडली की हसू एकाच बाजूला उमटतं, कधी उमटतच नाही, आणि माणूस रागावलाय किंवा त्याला आपलं बोलणं पटलं नाही असं वाटतं. खालची पापणी ओढली गेली असेल तर डोळा पुरता मिटत नाही आणि त्यातून पाणी येत राहतं. मीटिंगमध्ये त्या रडत नसतात. ओठांच्या कडा आखडल्या असतील तर काही अक्षरं नीट उमटत नाहीत आणि मोठा घास घेता येत नाही. चारचौघांत जेवायला माणूस टाळतो त्याचं हेही एक कारण असू शकतं. अशा वेळी आवाजाकडे कान द्या. आनंद, कंटाळा, थट्टा, सगळं आवाजात पुरेपूर असतं. चेहऱ्याचा लकवा झालेल्यांच्या बाबतीत, किंवा मोबियस सिंड्रोम असलेल्यांच्या बाबतीत, ज्यांच्या चेहऱ्याचे स्नायू जन्मतःच हलत नाहीत, हेच खरं आहे. त्यांना लोक वर्षानुवर्षं 'थंड' समजतात.

कानाची पाळी गेली म्हणजे ऐकू येत नाही असं नाही, तेव्हा ओरडून बोलू नका. कमी ऐकू येत असेल तर त्या सांगतील. जिथे दुसरीकडची कातडी लावलेली असते, म्हणजे ग्राफ्ट, तिथे घाम नीट येत नाही, त्यामुळे उकाडा सोसवत नाही. ऊन लागलं की व्रण काळवंडतात, खाज तर वर्षं दोन वर्षं पिच्छा पुरवते. काही रुग्णांना प्रेशर गार्मेंट, म्हणजे व्रणांवर दाब ठेवणारे घट्ट कपडे, दिवसाचे जवळजवळ 23 तास, महिनोन् महिने घालावे लागतात. म्हणून कोणालाही विचाराल तसंच विचारा: 'ही जागा ठीक आहे का, एसी कुठे हवाय?' टीम लीडला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. 'काय झालं होतं?' हा विचारायचा नाही.

त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथेच भली माणसं घसरतात. 'मनमोकळेपणाने विचारलेलं बरं, उगाच लपवाछपवी कशाला' असं त्यांना वाटतं. पण तुमच्या सहकारी हे उत्तर लिफ्टमध्ये, रांगेत, प्रवासात, पूर्ण अनोळखी माणसांना देत आल्या आहेत. ज्या रात्री आयुष्य उलटंपालटं झालं तिचा वृत्तांत कॉफी मशीनपाशी कोणाला द्यावासा वाटेल? ओळख वाढली की त्या आपणहून सांगतील, किंवा नाही सांगणार.

आम्ही रुग्णांना यासाठी एक छोटी तयारी करून देतो. तिच्या तीन पायऱ्या आहेत: थोडक्यात सांगायचं, समोरच्याला निश्चिंत करायचं, विषय पुढे न्यायचा. 'पूर्वी भाजलं होतं. आता त्रास नाही. बरं, मीटिंग तीनला आहे ना?' एवढंच. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून माणसं हे पुन्हा पुन्हा म्हणून बघतात. सुरुवातीला 'भाजलं' या शब्दापाशी आवाज अडकतो, हात मानेकडे जातो, ओढणी किंवा कॉलर वर सरकते. मग काही बैठकांनंतर हात मांडीवर राहतो. सगळ्यात शेवटी जमतं ते 'मीटिंग तीनला आहे ना' हे, त्यातला साधा, थोडा घाईचा सूर. आणि ही सगळी मेहनत पाण्यात जाते, जर समोरच्याने मान वाकडी करून 'अरेरे, फार सोसलंत हो' म्हटलं. तेव्हा तुमच्यापुढे कोणी असं तीन पायऱ्यांचं उत्तर टाकलं, तर त्याचं शेवटचं टोक पकडा. 'हो, तीनला. आणि गेल्या महिन्याचे आकडे घेऊन या.' तुमच्याकडून मिळू शकणारी ही मोठी मदत आहे.

ही तीन पायऱ्यांची रीत ब्रिटनमधल्या चेंजिंग फेसेस या संस्थेने रुळवली. तिचे संस्थापक जेम्स पार्ट्रिज 1970 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, गाडीला लागलेल्या आगीत भाजले होते. संस्था त्यांनी 1992 मध्ये काढली. 2009 मध्ये त्यांनी फाइव्ह या ब्रिटिश वाहिनीवर आठवडाभर दुपारच्या बातम्या वाचल्या. कोणाची करुण कहाणी नाही, फक्त बातम्या. मला ती कल्पना आजही फार हुशारीची वाटते.

टीमला आधी सांगायला हवं होतं का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर इतिहासात दोन गावांनी दोन तऱ्हांनी दिलेलं आहे. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी इंग्लंडमध्ये सिडकप इथे 1917 मध्ये क्वीन्स हॉस्पिटल सुरू झालं. सर्जन हॅरल्ड गिलीज यांनी आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया तिथे घातला. हॉस्पिटलमधून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही बाकं निळी रंगवली होती. ती रुग्णांसाठी होती, आणि गावकऱ्यांना दुरूनच कळावं की इथे बसलेल्या माणसाचा चेहरा बघून दचकायला होईल. हेतू चांगलाच होता. पण त्या बाकावर बसणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा.

दुसऱ्या महायुद्धात ईस्ट ग्रिन्स्टेड या गावातल्या हॉस्पिटलमध्ये आर्चिबाल्ड मॅकिंडो भाजलेल्या वैमानिकांवर शस्त्रक्रिया करत होते. एकेकावर अनेक शस्त्रक्रिया व्हायच्या, मधे महिने जायचे. मॅकिंडोंनी त्यांना रुग्णांचे ठरावीक निळे कपडे घालायला लावले नाहीत, स्वतःचा गणवेश घालू दिला. त्यांना गावात फिरायला पाठवलं, आणि गावकऱ्यांना सांगितलं की यांना घरी बोलवा, यांच्याशी नेहमीसारखं वागा. लोकांनी खरोखर बोलावलं. पुढे त्या गावाची ओळखच 'टक लावून न बघणारं गाव' अशी झाली. 1941 मध्ये त्या रुग्णांनी स्वतःचा क्लब काढला आणि त्याला चक्क 'गिनी पिग क्लब' असं नाव दिलं. युद्ध संपेपर्यंत त्याचे 649 सभासद झाले होते.

तर, त्या रुजू होण्याआधी तुम्ही सगळ्यांना 'नवीन सहकारी येत आहेत, त्यांचा चेहरा असा असा आहे, कृपया संवेदनशील राहा' अशी ईमेल पाठवली असती, तर ती निळ्या बाकाच्या जातीची झाली असती. त्यांना विचारून, त्यांना हव्या त्या शब्दांत काही सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. काही जणांना पहिल्याच दिवशी स्वतः दोन वाक्यं बोलून विषय मिटवायला आवडतं, काहींना अजिबात नाही. आता तर वेळ गेलीच आहे. आता तुमच्या हातात आहे ते मॅकिंडोंचं काम: माणसं एकत्र येतील अशी परिस्थिती घडवणं.

नुसतं शेजारी बसवून भागत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की संपर्कामुळे पूर्वग्रह कमी होण्यासाठी दोन्हीकडे दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र तपासून 2006 मध्ये दाखवलं की संपर्काने पूर्वग्रह खरोखरच कमी होतो. या चारही अटी पुऱ्या असतील तर परिणाम जास्त. ऑफिस ही त्यासाठी उत्तम जागा आहे, कारण तिथे काम आयतंच असतं. तुमच्या या नव्या सहकारी बाईंकडे असं काही सोपवा की इतरांना त्यांच्याकडे विचारायला जावंच लागेल. एखाद्या प्रकल्पाचा ताळमेळ, अंतिम तपासणी, काहीही, फक्त खरं काम असू द्या. आणि जेवायला तुम्ही स्वतः त्यांच्या टेबलावर जाऊन बसा. सोबत फौज नको, गंभीर चेहरा नको. 'इथे कोणी बसलंय का?' म्हणा आणि मग वैतागवाण्या क्लायंटबद्दल कुरकुर करा. आज याने बसायचं, उद्या तिने, अशी पाळी मात्र लावू नका. ती त्यांना दोन दिवसांत कळेल.

याहून अवघड परीक्षा तुमच्यापुढे नंतर येईल. कोणीतरी हळूच म्हणेल, 'क्लायंटच्या मीटिंगला दुसऱ्या कोणाला पाठवूया का, त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.' 1881 मध्ये शिकागो शहराने एक नियम केला होता. रोगट, विद्रूप, पाहवत नाही अशा माणसांनी सार्वजनिक जागी लोकांच्या नजरेस पडलं तर त्यांना दंड होत असे. सॅन फ्रान्सिस्कोत असा नियम 1867 मध्येच आला होता. शिकागोचा रद्द झाला 1974 मध्ये, म्हणजे फार काही जुनी गोष्ट नाही. आज तसं लिहायची कोणाची हिंमत नाही, पण 'त्यांनाच अवघडल्यासारखं होईल' हे त्याच नियमाचं सौजन्यपूर्ण रूप आहे. जायचं की नाही ते त्यांना विचारा. त्या म्हणाल्या जाते, तर पाठवा. उलट टोकाची चूकही करू नका: कंपनीच्या प्रत्येक फोटोत त्यांना पुढे उभं करणं, 'आमची प्रेरणा' म्हणून भाषणात नाव घेणं. वेळेवर रिपोर्ट दिला म्हणून कोणी प्रेरणा ठरत नाही. त्यांच्या रिपोर्टमध्ये चूक असेल तर इतरांना दाखवाल तशी दाखवा. हातचं राखून बोलणारा वरिष्ठ हा एकटं पाडण्याचाच एक प्रकार आहे.

एक समज खोडून काढते. व्रण जितका मोठा तितकं दुःख मोठं, असं नसतं. चेहराभर व्रण असलेली माणसं मजेत नांदताना मी पाहते, आणि गळ्यावरच्या बोटभर डागापायी घराबाहेर न पडणारीही पाहते. संशोधनातही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे बघून अंदाज बांधू नका, ना कीव करायला, ना 'एवढं काही दिसत नाही हो' असा धीर द्यायला.

तुमचा प्रश्न भाजल्याच्या व्रणांबद्दल होता, पण वेगळं दिसणाऱ्या इतरांबद्दलही दोन-चार उपयोगी गोष्टी सांगून ठेवते. कोड जगात साधारण शंभरात एखाद्याला असतं. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. ते स्पर्शाने, एकत्र जेवल्याने पसरत नाही. हे बहुतेकांना माहीत असतं, तरी हात पुढे करताना क्षणभर थांबतो, म्हणून मुद्दाम लिहिलं. अल्बिनिझम, म्हणजे त्वचा, केस आणि डोळे यांत जन्मतःच रंगद्रव्य फार कमी, असलेल्या माणसाचे डोळे सतत हलत असतात, प्रखर उजेड सोसत नाही आणि दूरचं कमी दिसतं. तो तुमच्याकडे बघत नाहीये असं वाटलं तरी तो बघत असतो. अंगभर गाठी असलेली व्यक्ती दिसली तर तो बहुधा न्यूरोफायब्रोमॅटोसिस असतो, साधारण तीन हजारांत एकाला होणारा जनुकीय विकार, तोही लागत नाही. खूप बुटक्या प्रौढ व्यक्तीशी बोलताना शक्य असेल तर खुर्चीत बसून बोला, आणि डोक्यावर हात तर चुकूनही ठेवू नका. दुभंगलेल्या ओठाची किंवा टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचे उच्चार थोडे नाकात असतील तर वाक्य त्यालाच पुरं करू द्या.

आता तुमची मुलगी. तिने काहीही वावगं केलेलं नाही. त्या वयाची मुलं जे दिसतं ते बोलतात. तिने विचारलं, आणि तुम्ही तिला ओढून नेलं. त्यातून ती एवढंच शिकली की तिथे काहीतरी भयंकर आहे, ज्याबद्दल बाबासुद्धा बोलत नाहीत. अशा वेळी तिथेच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, साधं उत्तर द्यायचं: 'त्यांना पूर्वी भाजलं होतं. आता बऱ्या झाल्यात. त्या माझ्याबरोबर काम करतात, ये, ओळख करून देतो.' अगदी लहान मूल, दोन-तीन वर्षांचं, घाबरून रडलं तर त्याला जवळ न्यायचा आग्रह धरू नका. थोड्या अंतरावर थांबून तुम्ही स्वतः हसतखेळत बोललात की ते तुमचा चेहरा बघून शांत होतं. घरी तिच्याशी बोलाल तेव्हा दोन गोष्टी टाळा. एक, 'गॅसजवळ जाऊ नकोस, नाहीतर त्या काकूंसारखं होईल' ही धमकी. दुसरी, 'बिचाऱ्या'. शाळेत कोणी वेगळं दिसणारं मूल आहे का, त्याच्याशी कोण खेळतं, हे विचारलंत तर मात्र गप्पा चांगल्या रंगतील.

आणि त्या दिवसाबद्दल त्या सहकारी बाईंशी एकदा बोला, त्या एकट्या असताना, उभ्या उभ्या. 'मुलीने विचारलं आणि मी गडबडून तिला बाहेर नेलं, ते बरोबर नव्हतं. सॉरी.' एवढं पुरे. तुम्हाला किती वाईट वाटलं, रात्री झोप आली नाही, वगैरे सांगू नका, नाहीतर तुमची समजूत काढायचं कामही त्यांच्यावरच पडेल. पुढच्या खेपेला मुलगी ऑफिसात आली की नावानिशी ओळख करून द्या. ती पुन्हा तोच प्रश्न विचारण्याची शक्यता भरपूर आहे. या वेळी मधे पडू नका. उत्तर द्यायचं की नाही आणि काय द्यायचं, ते त्या बघून घेतील. मुलांच्या प्रश्नांचा त्यांना तुमच्यापेक्षा खूप जास्त सराव आहे.